ठिसूळ हाडे: दोष नेमका कशात असतो?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीचे पाय आतापर्यंत तीनदा मोडले असून, तिला ‘ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा’ हा जन्मजात आजार असल्याचे निदान नुकतेच झाले. रक्तातील कॅल्शियम व्यवस्थित असताना हाडे ठिसूळ कशी? सांध्यांतील कूर्चाही खराब होते का? गरोदरपणात मी दूध कमी घेतल्यामुळे हे झाले, असे घरात बोलले जाते. ते खरे आहे का? आम्हा दोघांनाही हा आजार नाही.
— एक वाचक, सातारा

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ते मुळीच खरे नाही, आणि हे उत्तर घरातल्या सर्वांना अवश्य वाचून दाखवावे.

हाडात कॅल्शियमचे क्षार ज्या चौकटीवर बसतात, ती कोलॅजन-1 या प्रथिनाची असते. या प्रथिनाचा रेणू तीन पेडांच्या वेणीसारखा असतो; त्यांतील दोन पेड आल्फा-1 प्रकारचे आणि एक आल्फा-2 प्रकारचा. प्रत्येक पेडात दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते, कारण वेणीच्या गाभ्यात तेवढेच मावते. जनुकातील बदलामुळे तेथे दुसरे, मोठे आम्ल आले की वेणी सावकाश वळली जाते आणि त्या विलंबात पेशीतील विकरे (एन्झाइम) तिच्यावरील लायसिन या अमिनो आम्लाला जादा हायड्रॉक्सिल गट व शर्करा जोडत राहतात. असे काही रेणू पेशीतच अडकून तिला त्रस्त करतात, तर बाहेर पडलेल्यांपासून बारीक, विस्कळीत तंतू बनतात. आल्फा-1 च्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष असली, तरी चार वेण्यांपैकी सरासरी एकच पूर्ण निर्दोष निघते. याउलट, ती प्रत नुसती निकामी झाली तर कोलॅजन निम्मे, पण चांगले बनते. म्हणून आजाराचा तो प्रकार सौम्य असतो.

क्षारांची कमतरता तर नसतेच. उलट या सदोष चौकटीत ते अधिक दाटीने बसतात, त्यामुळे हाड कडक होते पण वाकण्याची लवचिकता गमावते. त्यात भर म्हणजे हाडाची झीज व घडण दोन्ही वेगाने चालतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसे असावे, मात्र केवळ दूध वाढवून वेणी सुधारत नाही.

कूर्चेतील मुख्य कोलॅजन दुसऱ्या प्रकारचे, वेगळ्या जनुकातून बनणारे असल्याने ती मुळात दोषमुक्त असते. तरीही तीव्र आजारात हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या कूर्चेची रचना विस्कटते, क्ष-किरण चित्रात तेथे लाह्यांसारखे ठिपके दिसतात आणि उंची खुंटते. काही दुर्मीळ प्रकारांत, ज्यांत आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक येते, कोलॅजनमधील विशिष्ट जागच्या प्रोलिन या अमिनो आम्लावर प्रक्रिया करणारा प्रथिनसमूहच बिघडलेला असतो. त्यांतील एका प्रथिनाचे नावच कूर्चेवरून पडले आहे, आणि त्याच्या अभावी दंड व मांड्या आखूड राहतात.

बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे हाडाची झीज मंदावून त्याचे वस्तुमान वाढवतात. पॅमिड्रोनेटमुळे तीव्र आजाराच्या मुलांना झालेला लाभ 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. ही औषधे कोलॅजन मात्र बदलत नाहीत, म्हणून स्नायू बळकट ठेवणारी फिजिओथेरपीही तितकीच आवश्यक आहे.

आपण दोघेही निरोगी असल्याने मुलीतील बदल बहुधा नव्याने झालेला असेल. पण क्वचित तो आई किंवा वडिलांच्या काही बीजपेशींत दडलेला असतो, तर क्वचित दोघेही वर सांगितलेल्या दुर्मीळ प्रकाराचे वाहक असतात. म्हणून पुढील अपत्याचा विचार करण्यापूर्वी मुलीची जनुकीय तपासणी करून आनुवंशिकतेच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.