जीआरई द्यावी की न द्यावी? आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

पदवीनंतरच्या प्रवेशपरीक्षांबद्दल प्रश्न पाठवा, असं मागे लिहिलं होतं. देवगडपासून अलिबागपर्यंत सगळीकडून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतो.

देवगडहून एक पालक: मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत एमएस करायचं म्हणतो. त्याचे मित्र सांगतात, जीआरई (तिकडच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) आता कोणी विचारत नाही. मग वीस हजारांवर फी कशाला भरायची?

मित्रांचं म्हणणं अर्धं खरं आहे. २०२०मध्ये कोविडमुळे परीक्षाकेंद्रं बंद पडली, तेव्हा अनेक विद्यापीठांनी जीआरईची अट काढली आणि पुष्कळांनी ती परत आणलीच नाही. पण ही अट बहुतेक ठिकाणी विद्यापीठ ठरवत नाही, विभाग ठरवतो. एकाच विद्यापीठात कॉम्प्युटरवाले मागणार नाहीत आणि मेकॅनिकलवाले मागतील, असंही होतं. म्हणून मुलाने आधी आठ-दहा विभागांची यादी करावी आणि प्रत्येकाचं प्रवेशाचं पान स्वतः वाचावं. तिथे तीनपैकी एक गोष्ट लिहिलेली असेल: सक्तीची, ऐच्छिक, किंवा पाठवलीत तरी बघणार नाही. यादीतले सगळे विभाग तिसऱ्या प्रकारातले असतील, तर फी वाचली.

खरा घोळ ‘ऐच्छिक’चा. माझं मत सरळ आहे: आपल्याकडच्या मुलाने ऐच्छिक असेल तिथे जीआरई द्यावी आणि स्कोअर चांगला आला तर पाठवावा. आयआयटीतून आलेल्या अर्जावर कॉलेजचं नावच बोलतं. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या कॉलेजचं नाव अमेरिकेतल्या निवड समितीने ऐकलेलं नसतं. इथला ८.४ सीजीपीए म्हणजे नेमका किती कठीण अभ्यास, हे त्यांना कळायला मार्ग नसतो. अशा वेळी सगळ्या जगाने दिलेल्या परीक्षेतला आकडा त्यांच्या ओळखीचा असतो. एमआयटीने २०२२मध्ये पदवी प्रवेशासाठी एसएटीची अट परत आणली, तेव्हा त्यांचंही म्हणणं साधारण हेच होतं: साधनं कमी असलेल्या शाळांतली तयार मुलं ओळखायला गुण उपयोगी पडतात. ती परीक्षा वेगळी, पण मुद्दा इथेही लागू पडतो.

परीक्षा आता पूर्वीइतकी लांबलचक राहिलेली नाही. सप्टेंबर २०२३पासून ती १ तास ५८ मिनिटांची आहे. एक निबंध, मग शाब्दिक आणि गणिती भागांचे प्रत्येकी २७ प्रश्न. दोन्ही भागांना १३० ते १७० असे गुण मिळतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. स्कोअर पाच वर्षं चालतो. नोकरी करून दोन वर्षांनी जायचा विचार असेल, तरी अभ्यास ताजा असताना देऊन टाकलेली बरी. आणि १६२ आले म्हणून १६४साठी पुन्हा फी भरू नये. एवढा फरक परीक्षेच्या अचूकतेच्या मर्यादेतच असतो.

गुहागरहून एक विद्यार्थिनी: दहावीपर्यंत मराठी माध्यम. जीआरईसाठी साडेतीन हजार इंग्रजी शब्द पाठ करावे लागतील असं क्लासवाले म्हणतात. जमेल का?

पाठांतराचा हा धाक जुन्या काळातला आहे, तेव्हा परीक्षेत विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न यायचे. २०११मध्ये ते काढून टाकले. आता गाळलेल्या जागा वाक्याच्या अर्थावरून भरायच्या असतात आणि उतारे वाचायचे असतात. शब्द लागतातच, पण तू वाचतेस किती यावर जास्त अवलंबून आहे. रोज एक लांब इंग्रजी लेख घे आणि लेखक कुठे ‘पण’ म्हणून वळतो ते शोध. बहुतेक प्रश्न त्या वळणावरच बेतलेले असतात. आयईएलटीएस किंवा टोफेल हे वेगळं प्रकरण. तिथे भाषा येते का एवढंच बघतात आणि स्कोअर दोनच वर्षं चालतो, म्हणून ती फार आधी देऊ नकोस.

कुडाळहून: गेटमध्ये (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) ५३ गुण मिळाले, क्वालिफाय झालो. म्हणजे आयआयटी नक्की ना?

नाही. क्वालिफाय होणं म्हणजे रांगेत उभं राहायला मिळणं. विभाग बघतात तो गुण नव्हे, स्कोअर, आणि तो १०००पैकी असतो. हिशेब असा: खुल्या गटाच्या पात्रता गुणांना ३५० स्कोअर धरतात, अगदी वरच्या विद्यार्थ्यांच्या सरासरीला ९००, आणि मधल्यांना त्या प्रमाणात. समजा तुझ्या पेपरची पात्रता २८ आणि वरच्यांची सरासरी ७८ असेल, तर ५३ला ६२५ मिळतील. सरासरी वर गेली तर त्याच ५३चा स्कोअर खाली येईल. म्हणून गुणांची तुलना करत बसू नकोस. स्कोअर तीन वर्षं चालतो. जर्मनी-सिंगापुरातले काही विभागही भारतीय मुलांचा गेटचा स्कोअर मानतात, तेवढं बघून ठेव.

पुढच्या वेळी बसणाऱ्यांसाठी एक: एका गुणाचा बहुपर्यायी प्रश्न चुकला तर १/३ गुण जातो. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं, तर सरासरीने हाती शून्य येतं. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, की अंदाज मारणं फायद्याचं. आकडा लिहायच्या प्रश्नांना वजावट नाहीच, ते मोकळे ठेवणं म्हणजे निव्वळ आळस.

मालवणहून: पर्सेंटाइल आणि टक्के एकच का?

नाही. ९० पर्सेंटाइल म्हणजे बसलेल्यांपैकी ९० टक्के तुमच्या मागे. पेपर कठीण असेल तर ४५ टक्के गुणांनाही ९० पर्सेंटाइल मिळू शकतात. कॅट आणि राज्याची एमबीए सीईटी दोन्हीकडे हेच.

शिरगावहून मत्स्यशास्त्राची विद्यार्थिनी: पुढे मुंबईच्या सीआयएफईत शिकायचं आहे. राज्याची सीईटी पुरेल का?

सीआयएफई ही भारतीय कृषी संशोधन परिषदेची मत्स्यशिक्षण संस्था. तिथली पदव्युत्तर दारं परिषदेच्या अखिल भारतीय परीक्षेतून उघडतात, आणि ती परीक्षा एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेते. राज्याची सीईटी राज्यातल्या कृषी विद्यापीठांसाठी. दोन्ही दे, अभ्यास बराचसा सारखाच आहे.

चिपळूणहून एक निवृत्त शिक्षक: तीन तासांच्या परीक्षेत हुशारी कळते? माझ्या अनुभवात पहिला येणारा संशोधनात पुढे गेलाच असं नाही.

सर, तुमचा अनुभव बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष जरा जपून काढायला हवा. अमेरिकेत यावर पुष्कळ अभ्यास झाले. जीआरईच्या गुणांचा पहिल्या वर्षाच्या निकालाशी बऱ्यापैकी संबंध दिसतो. पीएचडी पूर्ण होते की नाही याच्याशी तो क्षीण दिसतो, आणि भौतिकशास्त्राच्या पीएचडीबद्दलचे निष्कर्ष वाचून तर काही विभागांनी परीक्षाच सोडली. मिशिगन विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागाने पीएचडी प्रवेशासाठी जीआरई बंद केली ती याच वादाच्या काळात.

यात एक खोच आहे. हे अभ्यास प्रवेश मिळालेल्यांवर होतात, म्हणजे गुणांनी आधीच निवडलेल्यांवर. हापूसच्या पाच डझनी पेटीत फळं वजनाने जवळपास सारखीच असतात, मग कोणत्या फळात साका (आतला खराब गर) निघेल ते वजनावरून कसं कळणार? त्यावरून वजन निरुपयोगी असं कोणी बागायतदार म्हणत नाही, कारण पेटी लावताना त्याने तेच वापरलेलं असतं. गुणांचंही तसंच. चाळणीसाठी ते कामाचे. पण चाळणीतून पुढे गेलेल्यांत दोन गुणांवरून खालचा-वरचा ठरवणं चूक, आणि परीक्षा घेणारी ईटीएस संस्थाही केवळ कटऑफ लावून निवड करू नका असंच सांगते. चिकाटी, प्रयोगशाळेत हात चालणं, अपयश पचवणं, हे शिफारसपत्रातून कळायला हवं. ती पत्रं मात्र आपल्याकडे ‘हुशार व होतकरू विद्यार्थी’ या एका ओळीवर उरकतात. शिक्षकवर्गाला तुम्ही हे सांगितलंत तर जास्त ऐकतील.

सावंतवाडीहून: मराठीत एमए झालंय. पीएचडीसाठी विद्यापीठांच्या वेगवेगळ्या परीक्षा देऊ की नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा)?

नेट. जून २०२४पासून नेटच्या निकालात तीन गट असतात: जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप), सहायक प्राध्यापक आणि फक्त पीएचडी प्रवेश. यातल्या शेवटच्या दोन गटांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि तो निकाल प्रवेशासाठी एकच वर्ष चालतो. जेआरएफ मिळाली तर महिना ३७ हजार, आणि खरा फरक तिथेच पडतो. सेट ही राज्याची पात्रता परीक्षाही द्यायला हरकत नाही, पण तिच्यावर फेलोशिप नाही.

अलिबागहून: जीआरई घरून देता येते म्हणतात. मुंबईला कशाला जायचं?

देता येते. बंद खोलीत एकट्याने बसायचं, कॅमेऱ्यावर कोणीतरी लक्ष ठेवणार, कच्चं काम पुसता येईल अशा पाटीवर. पण जून-जुलैत घरी वीज आणि इंटरनेट सलग दोन तास टिकेल याची खात्री असेल तरच. दक्षिण कोकणातल्यांना आणखी एक सांगणं: पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू धावतात. रात्रीच्या कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेसने पहाटे उतरून थेट केंद्रावर जायचा बेत करू नका. आदल्या दिवशी पोहोचा, आणि नावनोंदणीत चालेल म्हणून सांगितलेलं मूळ ओळखपत्र हातातल्या पिशवीत ठेवा.