‘पोलिटिकल बायस’ मराठीत कसा सांगावा?

एक वाचक लोकप्रिय मनोरंजन आणि ‘पब्लिक स्कूल’ यांतल्या ‘पोलिटिकल बायस’विषयीच्या एका अमेरिकी लेखाचे मराठी रूपांतर करत आहेत. ‘बायस’साठी सगळीकडे ‘पक्षपात’ हा शब्द घातला तर चालेल का, की ‘पूर्वग्रह’ अधिक बरा, असे त्यांनी विचारले आहे. माझ्या मते या दोहोंपैकी कोणताही एक शब्द लेखभर चालणार नाही, कारण मूळ लेखात एका शब्दाखाली ज्या गोष्टी एकत्र आल्या आहेत त्या मराठीने पूर्वीपासून वेगवेगळ्या ठेवल्या आहेत.

‘पक्ष’ म्हणजे बाजू आणि ‘पात’ म्हणजे पडणे, तेव्हा एका बाजूला पडणे हा ‘पक्षपात’चा सरळ अर्थ होतो. परंतु हा शब्द आपण कोणालाही लावत नाही. न्यायाधीशाने, पंचाने, परीक्षकाने किंवा दोन मुलांच्या आईवडिलांनी पक्षपात केला असे आपण म्हणतो. वकिलाने अशिलाचा पक्षपात केला असे कोणी म्हणत नाही, कारण अशिलाची बाजू मांडण्यासाठीच तो उभा असतो. दोन्ही बाजूंना सारखे वागवण्याचे कर्तव्य ज्याच्यावर आहे त्यालाच पक्षपाताचा दोष लागतो, आणि ही अट शब्दाच्या पोटातच आहे. ‘झुकते माप देणे’ हा वाक्प्रचारही तसाच आहे. माप ज्याच्या हाती आहे त्याच्यावरच तो आळ येतो. ‘डावे-उजवे करणे’ हाही याच अर्थाचा अस्सल मराठी प्रयोग, पण राजकीय लेखात तो टाळावा असे मी सुचवेन. 1789 साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाच्या नकाराधिकाराचे समर्थक अध्यक्षांच्या उजवीकडे आणि विरोधक डावीकडे बसले, तेव्हापासून या दोन दिशांना जो राजकीय अर्थ चिकटला आहे, त्यामुळे ‘शिक्षक डावे-उजवे करतात’ या वाक्याचा भलताच अर्थ लागू शकतो.

शाळेच्या बाबतीत पक्षपाताची अट पुरी होते. मुले तिथे आपल्या मर्जीने आलेली नसतात आणि उठून जाऊ शकत नाहीत, म्हणून शिकवणाऱ्यावर समतोलाचे बंधन येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये हे बंधन कायद्यातच आहे: 1996 च्या शिक्षण कायद्याचे कलम 406 कोणत्याही विषयाच्या अध्यापनातून पक्षीय मतांचा पुरस्कार करण्यास मनाई करते, आणि कलम 407 राजकीय प्रश्न मुलांपुढे आल्यास परस्परविरोधी मतांची समतोल मांडणी व्हावी अशी अपेक्षा ठेवते. त्यामुळे वर्गातल्या वर्तनाला ‘पक्षपात’ हा शब्द चपखल बसतो. पाठ्यपुस्तकाला मात्र मी ‘एकांगी’ म्हणेन. ‘मागण्या मान्य न झाल्याने कामगारांना संपावर जावे लागले’ आणि ‘संप पुकारून कामगारांनी जनतेला वेठीस धरले’ ही दोन वाक्ये पाहा. संप तोच, त्याबद्दलची माहितीही खोटी नाही. पण पहिल्या वाक्यात ‘जावे लागले’ने कामगारांची बाजू घेतली आहे आणि दुसऱ्यात ‘वेठीस धरले’ने त्यांना दोषी ठरवले आहे. पुस्तकात दोहोंपैकी एकच वाक्य सापडत असेल, तर दोष लिहिलेल्या वाक्याइतकाच गाळलेल्या वाक्याचाही आहे, आणि ‘एकांगी’ या विशेषणात तो नेमका येतो.

मुलांना एखादे मत पटवून न देता घ्यायलाच लावले जाते, त्यासाठी तर ‘गळी उतरवणे’ याहून चांगला प्रयोग मला सुचत नाही. मूल्ये आपण ‘मनावर बिंबवतो’ आणि मते ‘गळी उतरवतो’, असा भेद मराठी माणूस सहज करतो. पश्चिम जर्मनीतल्या राजकीय शिक्षणाच्या अभ्यासकांची 1976 साली बॉयटेल्सबाख येथे जी परिषद झाली, तिच्यातून पुढे आलेल्या तत्त्वांतले पहिले हेच सांगते की विद्यार्थ्यावर आपले मत लादून त्याला स्वतःचा निर्णय घेण्यापासून रोखू नये.

मनोरंजनाचे तसे नाही. कथाकाराने निःपक्षपाती राहण्याचे वचन कोणाला दिलेले नसते, म्हणून चित्रपटाने ‘पक्षपात’ केला हे वाक्य कानाला खटकते. तिथे ‘कल’ हा शब्द योग्य. एखाद्या मालिकेत एका विशिष्ट मताचे पात्र दर वेळी भित्रे किंवा हास्यास्पद असेल, तर संवादांत राजकारणाचा एक शब्द नसतानाही मालिकेचा कल प्रेक्षकाला कळतो. हाच कल आवेशाने आणि हट्टाने व्यक्त झाला की त्याला ‘अभिनिवेश’ म्हणावे, आणि कथाच संदेशाच्या सेवेला जुंपली गेली की ‘प्रचारकी’. नुसता ‘प्रचार’ पुरत नाही, कारण मराठीत तो निंदाव्यंजक नाही; निवडणुकीचा प्रचार उजळ माथ्याने करतात. 1622 साली पोपने धर्मप्रसारासाठी स्थापन केलेल्या मंडळाच्या लॅटिन नावातून आलेला ‘प्रोपगंडा’ हा शब्दही आधी असाच निर्दोष होता, पुढे त्याला वाईट अर्थ चिकटला. आपण ते काम ‘प्रचारकी’ या रूपावर सोपवले.

‘पूर्वग्रह’ मनातला असतो, म्हणून तो व्यक्तीपुरता ठेवावा: लेखकाचा, शिक्षकाचा, प्रेक्षकाचा. ‘पूर्वाग्रह’ हे हिंदीतले रूप आहे, ते मराठीत आणू नये.

आता ‘पब्लिक स्कूल’विषयी, कारण मोठी चूक तिथे होण्याचा संभव आहे. इंग्लंडमध्ये या नावाने जुन्या, महागड्या खाजगी शाळा ओळखल्या जातात. 1868 च्या ‘पब्लिक स्कूल’ कायद्यात ईटन, हॅरो, रग्बी यांसह 7 शाळा होत्या. अमेरिकेत तेच नाव करांवर चालणाऱ्या आणि सर्वांना मोफत असणाऱ्या शाळांचे आहे. शब्द तसाच ठेवला तर वाचक नेमका उलटा अर्थ घेईल. ‘सरकारी शाळा’ म्हटले तर तिथला पक्षपात सरकारच्याच आदेशाने होतो असे सूचित होते, पण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळांचा कारभार स्थानिक, निवडून आलेल्या शाळा मंडळांकडे असतो. म्हणून मी ‘सार्वजनिक शाळा’ पसंत करतो आणि पहिल्याच उल्लेखात ‘करांच्या पैशावर चालणाऱ्या’ एवढे जोडावे असे सुचवतो. तेव्हा शीर्षक असे करता येईल: ‘लोकप्रिय मनोरंजनातला राजकीय कल आणि सार्वजनिक शाळांतला राजकीय पक्षपात’. मूळ लेखक मनोरंजनावरही निःपक्षपातीपणाचे बंधन आहे असे प्रतिपादन करत असतील, तरच दोन्हीकडे ‘पक्षपात’ ठेवावा.