आधी मोज

प्रिय मित्रा,

तुझ्या रिपोर्टच्या प्रोग्रामला ४० सेकंद लागतात, तर ३२ जीबी रॅमचा नवा लॅपटॉप घेऊ की सगळा कोड रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत पुन्हा लिहू, असं तू विचारलंस. अख्ख्या पत्रात मोजलेला आकडा तो ४० एवढाच. ते ४० सेकंद जातात कुठे, याबद्दल एक ओळ नाही. आधी मोज.

लिनक्सवर प्रोग्रामच्या पुढे 'टाइम' ही आज्ञा लावून तो चालव. तीन आकडे येतील. 'रिअल' हा घड्याळाचा वेळ. 'यूजर' आणि 'सिस' मिळून प्रोसेसर खरोखर राबला तो वेळ. समज, रिअल ४० आणि बाकीचे दोन मिळून ६ आले. म्हणजे ३४ सेकंद प्रोग्राम नुसता ताटकळलाय: डिस्कसाठी, नेटवर्कसाठी नाहीतर डेटाबेससाठी. प्रोसेसर दुप्पट वेगाचा आणलास तरी ४० चे ३७ होतील. रस्टनेही त्या ३४ सेकंदांना धक्का लागणार नाही.

चार्जर लावूनच मोज, बॅटरीवर बरेच लॅपटॉप प्रोसेसरचा वेग उतरवतात. सहा वेळा चालव. पहिली फेरी सोड, तेव्हा फायली कॅशमध्ये, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यात, नसतात. उरलेल्या पाचांतला मधला आकडा धर. फेरीगणिक वेळ वाढत गेला तर यंत्र तापून मंदावतंय का ते बघ. थंड होऊ दे, पुन्हा मोज.

रॅमचंही तसंच. रिपोर्ट चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवर 'व्हीएमस्टॅट १' ही आज्ञा चालव. आकड्यांची पहिली ओळ वगळ, ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. 'एसआय' आणि 'एसओ' या रकान्यांत शून्यच येत असेल तर स्वॅप होत नाहीये, म्हणजे रॅम अपुरी पडून डेटा डिस्कवर जात-येत नाहीये, आणि जास्तीची रॅम या रिपोर्टला बहुधा फारसं काही देणार नाही. सतत मोठे आकडे दिसले, तर खुशाल रॅम वाढव.

माझा संशय डेटाबेसवर आहे. २००० नोंदी आणायच्या आणि लूपमध्ये प्रत्येकीसाठी वेगळी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारणा, मारायची, ही चूक फार नेहमीची. २००१ क्वेऱ्या, प्रत्येकीला १५ मिलिसेकंद, झाले ३० सेकंद! एकेकटी क्वेरी वेगवान दिसते, म्हणून कुणी तिच्याकडे बघत नाही. क्वेरी-लॉग चालू करून मोज. त्या सगळ्यांऐवजी एक जॉइन, म्हणजे तक्ते जोडून सगळं एकदम आणणारी क्वेरी, पुरते. ती जॉइन रखडली तर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'एक्सप्लेन ॲनालाइझ' कर, ते क्वेरी चालवून वेळ कुठे गेला ते दाखवतं. पण अपडेट-डिलीटवर करताना आधी 'बिगिन', नंतर बदल मागे घेणारं 'रोलबॅक', कारण ते विधान खरंच चालतं. आणि दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, टाकत सुटू नकोस, प्रत्येक इंडेक्समुळे नोंदी लिहायला जास्त वेळ लागतो.

तुला हे रटाळ वाटेल, ठाऊक आहे. नवं यंत्र, नवी भाषा यांत काहीतरी घडतंय असं वाटतं; मोजण्यात वाटत नाही. त्या वाटण्यापायी मी चालते प्रोग्राम मोडून पुन्हा लिहिले, आणि ती वर्षं परत येत नाहीत. आता जुन्या यंत्राला मी चिकटून बसतो त्याला लोक कंजूषपणा म्हणतात. म्हणोत. ते कमी पडतंय असं एकाही आकड्याने अजून दाखवलेलं नाही, मग का बदलू?

रिअल, यूजर, सिस आणि क्वेऱ्यांची संख्या, हे चार आकडे मला पाठव. लॅपटॉपच्या किमती नकोत.

तुझा,
एक जुना प्रोग्रामर