घरी असूनही रक्तात बुरशी कशी?

तुमचा प्रश्न असा: वडील गारगोटीहून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला कोल्हापुरात येतात, मुक्काम घरीच, मग रक्तात बुरशी आली कुठून?

मुक्काम घरी असला तरी मानेतला कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी शिरेत बसवलेली नळी, चोवीस तास शरीरातच असतो ना! कॅन्डिडा ही बुरशी आपल्या कातडीवर, आतड्यात एरवीही असते. कॅथेटरच्या आत तिचा थर बसला की ती थेट रक्तात उतरते. त्यात मधुमेह किंवा वारंवार दिलेली अँटिबायोटिक्स असली की तिचं आणखी फावतं. घरच्या जेवणाला, ओल्या भिंतींना दोष देत बसू नका.

डायलिसिस सुरू झाल्यावर हुडहुडी भरते का, कॅथेटरभोवतीची पट्टी ओली किंवा लालसर दिसते का, हे बघा. अँटिबायोटिक घेऊनही ताप हटत नसेल तर ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) हवंच. पण एक लक्षात घ्या, कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून बुरशी नाहीच असं नाही. बऱ्याच वेळा ती त्यात सापडत नाही.

वडिलांच्या रिपोर्टात कॅन्डिडा आलीच आहे, तर ‘काँटॅमिनेशन असेल’, म्हणजे नमुन्यात बाहेरून मिसळली असेल, म्हणून सोडू नका. सहसा कॅथेटर काढावा लागतो आणि कॅस्पोफंगिनसारखं बुरशीविरोधी औषध शिरेतून सुरू होतं. कल्चर पहिल्यांदा स्वच्छ (बुरशीविना) आल्यापासून निदान १४ दिवस उपचार चालतात. ताप उतरला म्हणून मध्येच थांबवू नका, फार जिवावरचं दुखणं आहे हे. बुरशी रक्तातून डोळ्यांतही पोचू शकते, म्हणून डोळ्यांची तपासणीही करून घ्या. कॅन्डिडा ऑरिस ही प्रजात निघाली तर फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध बहुधा चालत नाही, म्हणून प्रजातीचं नाव डॉक्टरांना आजच विचारा.