जावयाचे पूर्वज खरंच ‘मेफ्लॉवर’मधून आले का?

प्रश्न : माझी लेक बोस्टनजवळ राहते, जावई तिथलाच, गोरा. नातू आठ वर्षांचा, त्याला शाळेत वंशावळ करायला सांगितलीय. आमच्या बाजूची मी फोनवर अर्ध्या तासात सांगितली. जावयाच्या घरात मात्र एक जुनी फ्रेम आहे, वर ढालीचं चित्र, खाली झाड काढलेलं, आणि ते म्हणतात आमचे मूळ पुरुष तीन भाऊ, 1620 ला इंग्लंडातून वसाहत करायला निघालेल्या लोकांच्या मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेत आले. त्यात एका जन्माची तारीख ‘12 फेब्रुवारी 1702/3’ अशी लिहिलीय. हे दोन-दोन सन कशाचे? आणि हे सगळं खरं का खोटं कसं बघावं? लेक म्हणते, आई तुला काय करायचंय.
— एक आजी, अंबाजोगाई

उत्तर : आजी, करायचंय की! नातू तुमचा पण आहे.

आधी तारखेचं सांगतो, कारण ती बरोबर असायची शक्यता जास्त. 1752 पर्यंत इंग्रजांचं, आणि त्यांच्या अमेरिकेतल्या वसाहतींचंही, सरकारी वर्ष 1 जानेवारीला नाही तर 25 मार्चला बदलायचं, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आसपासच म्हणा ना. मग जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेलं लेकरू जुन्या हिशोबानं 1702 चं आणि आजच्या हिशोबानं 1703 चं, म्हणून दोन्ही लिहायचे. आपल्याकडं निजामाच्या काळातल्या कागदावरचा फसली सन इंग्रजीत बदलताना जो घोळ होतो ना, तसलंच हे. लिहिणाऱ्यानं एवढं जपून लिहिलंय म्हणजे त्यानं कुठंतरी मूळ नोंद बघितली असावी.

ढालीचं, म्हणजे घराण्याच्या मानचिन्हाचं, सोडून द्या. इंग्लंडात ते चिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळायचं, आडनावाला नाही. तसली चित्रं दुकानात आडनाव सांगितलं की मिळतात. देशमुख आडनाव आहे म्हणून सगळेच काय एका गढीतले असतात का?

तीन भावांची गोष्ट तर अमेरिकेत इतक्या घरांत सांगतात की जाणकार माणूस ती ऐकली की आधी हसतो. मेफ्लॉवरवर 102 प्रवासी होते, पहिल्या हिवाळ्यातच निम्मे वारले, आणि कोण कोण होते त्यांची यादी पुढं त्या वसाहतीचा गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डनं लिहून ठेवलीय, त्यामुळं त्या आडनावाचे तीन भाऊ होते का हे दहा मिनिटात कळतं. पण आडनाव नाही सापडलं म्हणून लगेच ‘नाहीत’ म्हणू नका, कारण तिथं लेकीकडून आलेला वंश पण धरतात, आणि लेकीचं आडनाव लग्नानंतर बदलतं. तसंही 1630 पासून दहा-बारा वर्षांत वीसेक हजार इंग्रज न्यू इंग्लंडात (बोस्टनच्या आसपासचा अमेरिकेचा भाग) उतरले, जावयाचे पूर्वज बहुतेक त्या गर्दीतलेच निघतील.

आता शोधायचं कसं. चूक इथंच होते, लोक जहाजापासून सुरू करतात आणि खाली यायला बघतात. तुम्ही नातवापासून सुरू करा. नातू, जावई, त्याचे वडील, त्यांचे वडील, आणि प्रत्येक सांध्याला कागद पाहिजे, हा त्याचाच लेक कशावरून? 1850 पासूनच्या जनगणनेत घरातल्या सगळ्यांची नावं आहेत (गुलामांची तेव्हा नव्हती), त्याच्या आधी 1790 पर्यंत फक्त कर्त्या माणसाचं नाव आणि बाकीचे नुसते आकडे. त्याच्याही मागं जायचं तर मॅसॅच्युसेट्स (बोस्टनचं राज्य) बरं आहे, तिथल्या गावांनी जन्म-लग्न-मृत्यू पहिल्यापासून लिहून ठेवलेत आणि बऱ्याच गावांच्या 1850 पर्यंतच्या नोंदी पुस्तकात छापल्यात. फॅमिलीसर्च नावाच्या वेबसाइटवर बरंच फुकट बघायला मिळतं, पण तिथं लोकांनी जोडलेली झाडं खरी धरू नका, मूळ पानाचा फोटो बघा. मृत्युपत्रं तर आवर्जून बघा, त्यात ‘माझी लेक अमकी, तिला गाय आणि पितळी भांडं’ असं नातं सरळ लिहिलेलं असतं. अक्षर मात्र वाचायला अवघड, आजच्या इंग्रज माणसालाही ते आपल्या मोडीसारखंच वाटतं.

आणि एक फसवणूक. जुन्या कागदात नावापुढं सीनियर-ज्युनियर दिसलं की लोक बाप-लेक समजतात, पण गावात एकाच नावाचे दोघं असले की वयानं मोठा तो सीनियर, चुलता-पुतण्या असो नाहीतर नात्यातले नसोत. आपल्या थोरल्या पाटील-धाकल्या पाटलांसारखं. अशी एक कडी चुकली की पुढचे दहा पूर्वज दुसऱ्याचेच!

प्रश्न : माझ्या रूममेटचं घराणं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं, तो म्हणतो आमचे सगळे कागद जळाले. बहाणा तर नाही ना?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नाही, यात दम आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861-65) तिथल्या कितीतरी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कोर्टांची दफ्तरं जळाली, काही तर सुरक्षित राहावी म्हणून राजधानी रिचमंडला पाठवलेली होती ती 1865 च्या आगीत गेली. पण जमिनीच्या सनदा वाचल्यात. इंग्रजी वसाहतीच्या काळात तिथं बाहेरून माणूस आणण्याचा खर्च जो करील त्याला माणशी 50 एकर जमीन मिळायची, म्हणून सनदेत आणलेल्यांची नावं सापडतात. फक्त सनदेचं साल म्हणजे उतरल्याचं साल नाही हं, लोक हे हक्क विकायचे आणि जमीन बऱ्याच वर्षांनी घ्यायचे. त्याला काउंटीचं नाव विचार आणि शेजारच्या काउंटीची दफ्तरं पण बघायला सांग, हद्दी सारख्या बदलायच्या.