नव्या टीममध्ये 'याक शेव्हिंग', 'बाइकशेड', 'रबर डक' असे शब्द कानावर पडतात. प्रोग्रॅमर लोकांच्या या बोलीचा अर्थ काय?

तुम्ही दिलेल्या तीन शब्दांपासूनच सुरुवात करतो. तिन्ही माझ्या रोजच्या तोंडातले आहेत.

बाइकशेड म्हणजे आपला सायकलस्टँड. १९५७ साली ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांनी एक काल्पनिक समिती रंगवली होती. ती अणुभट्टीचा प्रस्ताव अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलस्टँडवर पाऊण तास वाद घालते. अणुभट्टीतलं कोणाला काही कळत नाही, पण छपराबद्दल प्रत्येकाला मत असतं. पुढे १९९९ मध्ये पॉल-हेनिंग काम्प या डॅनिश प्रोग्रॅमरने फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना लिहिताना हा दाखला दिला आणि शब्द आमच्यात रुळला. डेटाबेसच्या रचनेवर कोणी बोलत नाही, एका व्हेरिएबलच्या नावावर मात्र मीटिंग संपते, असं तुम्हीही लवकरच पाहाल. 'तुम्ही वेळ घालवताय' असं सिनियरच्या तोंडावर म्हणायला जड जातं. 'हे बाइकशेड होतंय' म्हटलं की दोष माणसावर येत नाही. म्हणून हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

याक शेव्हिंगचंही (शब्दशः, याक भादरण्याचंही) तसंच. बटणाचा रंग बदलायला बसलात, तर बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करणं, चालेना. त्यासाठी लायब्ररी (तयार कोडचा संच) अपडेट करायला घेतली, तर डिस्कवर जागा नाही. जागा करायला जुन्या फाइली चाळत बसलात. संध्याकाळी कोणी विचारलं, 'काय करतोयस?' तर बटणाशी त्याचा संबंध कसा लावणार? 'याक भादरतोय' एवढं म्हटलं तरी टीमला कळतं की दिवस आळसात गेलेला नाही.

रबर डक म्हणजे रबरी बदक. कोड अडला की समोरच्या बदकाला तो ओळीन् ओळ समजावून सांगायचा, सांगता सांगता चूक आपली आपल्यालाच सापडते. माझ्या टेबलावर बदकाऐवजी पोळ्याचा मातीचा बैल आहे आणि मी त्याच्याशी मराठीतच बोलतो. इंग्रजीत पाठ झालेली वाक्यं आपोआप पुढे सरकतात. मराठीत सांगताना प्रत्येक पायरी नव्याने जुळवावी लागते, आणि नेमकी तिथेच गफलत दिसते. हा उपाय मनापासून करून पाहा.

'बग'बद्दल (शब्दशः किडा, आमच्यात चूक किंवा दोष) एक गोष्ट तुम्हाला हमखास चुकीची सांगितली जाईल: हार्वर्डच्या मार्क टू संगणकात पतंग (उडणारा किडा) अडकला आणि त्यावरून हा शब्द जन्मला. पतंग खरा आहे. ९ सप्टेंबर १९४७ च्या नोंदवहीत तो चिकटवलेला आहे. पण त्याखालची नोंद म्हणते, बग खरोखर सापडल्याची ही पहिलीच घटना. म्हणजे शब्द आधीपासून वापरात होता, म्हणून तर तसं लिहावंसं वाटलं! एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही तो याच अर्थाने येतो.

यातलाच छळवादी प्रकार हायझेनबग: शोधायला गेलं की गायब. आत काय चाललंय ते पाहायला प्रिंटची एक ओळ टाकली की प्रोग्रॅमचा वेग किंचित बदलतो आणि दोन थ्रेडमधली, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांमधली, टक्करच होत नाही.

शेवटी 'निट', कारण नवख्यांना हाच जास्त टोचतो. निट म्हणजे लीख. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी तुमचा कोड तपासतात तेव्हा, कोणी ओळीआधी 'निट' लिहिलं, तर सूचना अगदी बारीक आहे, तुमचा कोड तिच्यासाठी अडणार नाही. पहिल्या नोकरीत मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि अशा चार लिखांसाठी मी रात्री उशिरापर्यंत थांबलो होतो. तुम्ही थांबू नका.