पासच्या अलीकडे : किचनमधल्या बढतीविषयी वाचकांचे प्रश्न

पास म्हणजे तयार प्लेट किचनमधून बाहेर जातात तो काउंटर. या वेळी आलेली बहुतेक पत्रं व्यावसायिक किचनमध्ये तीन ते सहा वर्षं काढलेल्या तरुणांची आहेत. पत्रं थोडी आटोपशीर करून घेतली आहेत.

प्रश्न : सेक्शनवर (किचनमधल्या माझ्या विभागात) माझा हात सगळ्यात जलद चालतो. मी रजेवर गेलो की सेक्शन कोलमडतो, हे सगळे मान्य करतात. तरीही सू शेफची (हेड शेफनंतरच्या दुसऱ्या प्रमुखाची) जागा माझ्यापेक्षा सावकाश काम करणाऱ्या सहकाऱ्याला मिळाली. मी कुठे कमी पडलो?

पत्रातलं दुसरं वाक्य पुन्हा वाचा. तुम्ही ते अभिमानाने लिहिलं आहे, पण हेड शेफच्या वहीत ती तुमच्या विरोधातली नोंद असते. सू शेफला चार-पाच सेक्शन सांभाळायचे असतात आणि तो एका वेळी एकाच जागी उभा राहू शकतो. उरलेल्या जागांवरून पदार्थ त्याच्याशिवाय, पण तसाच यायला हवा. म्हणून बढती देताना हाताचा वेग शेवटी पाहिला जातो. तुम्ही नसताना सेक्शन कसा चालतो, हे आधी पाहिलं जातं.

सुरुवात प्रेप लिस्टपासून, म्हणजे सर्व्हिसआधी करायच्या तयारीच्या यादीपासून करा. 'सॉस बघून घे' ही प्रेप लिस्ट नव्हे. समजा, शुक्रवारी एक पदार्थ किती जातो हे ठरवायचं आहे. मागच्या चार शुक्रवारांची विक्री 34, 41, 38 आणि 47 असेल तर सरासरी 40 येते. त्यावर 20 टक्के राखीव धरले की पार स्टॉक (हाताशी असायलाच हवा तो साठा) 48 होतो. चिलरमध्ये 11 पोर्शन शिल्लक असतील तर आज 37 करायचे. पोर्शनला 120 ग्रॅम सॉस लागत असेल तर 4.44 किलो, म्हणजे साडेचार किलो सॉस. हा हिशोब भिंतीवर लावलेला असला की काल आलेला कॉमीसुद्धा (सर्वांत कनिष्ठ स्वयंपाकी) न विचारता कामाला लागतो.

त्यानंतर रेसिपी कार्ड. त्यावरून 'चवीनुसार मीठ' हे शब्द कायमचे खोडा. बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा साधारण 6 ग्रॅमचा असतो. पोकळ, पापडीसारख्या मिठाचा तोच चमचा जेमतेम 3 ग्रॅम भरतो. मिठाचा डबा बदलला की चव निम्मी होणार आणि दोष मात्र कॉमीला मिळणार. सगळं ग्रॅममध्ये लिहा, आणि बहुतेक जण जे लिहीत नाहीत तेही लिहा : भांड्याचा व्यास आणि शिजल्यानंतरचं अंतिम वजन. सॉस आटतो तो पृष्ठभागावरून. पाचपट सॉस त्याच रुंदीच्या पण खोल भांड्यात चढवला तर पाणी पाचपट वेगाने उडत नाही. कार्डावर '20 मिनिटं' असतं म्हणून कॉमी 20 मिनिटांनी आच बंद करतो आणि सॉस पातळ येतो. कार्डावर '12 किलोचे 8 किलो होईपर्यंत' असेल तर भांडं कुठलंही असो, सॉस एकसारखा निघतो. रिकाम्या भांड्याचं वजन आधी करून ठेवायला मात्र विसरू नका, नाहीतर हा सगळा खटाटोप फुकट.

कार्ड तयार झालं की ते दुसऱ्याच्या हातात द्या आणि सलग तीन दिवस गप्प उभे राहा. त्याला जिथे तुम्हाला विचारावं लागलं, तिथे कार्ड अपुरं आहे. तेवढीच ओळ दुरुस्त करा. जलद हाताच्या माणसाला हे तीन दिवस फार जड जातात, कारण 'सरक, मी करतो' हे शब्द अगदी ओठांवर असतात.

प्रश्न : कालपर्यंत ज्यांच्यासोबत मिझां (सर्व्हिसआधीची तयारी आणि मांडणी) करत होतो, त्यांनाच आता पासवरून ऑर्डरी द्यायच्या आहेत. आवाज चढवला तर ते दुरावतात, नाही चढवला तर प्लेट उशिरा येतात.

प्लेट उशिरा येण्याचा आवाजाशी संबंध कमी आणि वेळेच्या गणिताशी जास्त. एका टेबलचे तीन पदार्थ धरा : एकाला 14 मिनिटं, दुसऱ्याला 9, तिसऱ्याला 4. तुम्ही तिन्ही एकदम ओरडलात तर तिसरा 10 मिनिटं पासवर पडून सुकणार. केओटी (ऑर्डरची चिठ्ठी) हातात येताच पहिला लावा, पाचव्या मिनिटाला दुसरा, दहाव्याला तिसरा. हे गणित सेक्शनच्या डोक्यावर टाकू नका. पासवर उभ्या माणसाचं काम तेच आहे.

सेक्शनकडून नुसतं 'येस शेफ' घेऊ नका. त्यातून कळतं एवढंच, की कानावर काहीतरी पडलं. 'दोन सूप, एक मासा, मासा बिनासॉस' असं जसंच्या तसं परत म्हणवून घ्या. अर्धे गोंधळ तिथेच थांबतात.

चूक झाली तर सर्व्हिस चालू असताना फक्त दुरुस्ती सांगा : 'हा परत कर, चार मिनिटांत हवा.' का झालं, हे विचारायचंच नाही. कारण सर्व्हिसनंतर, बाजूला घेऊन आणि एकाच प्लेटबद्दल विचारा. 'तू नेहमीच उशीर करतोस' यावर कोणी काय करणार? 'सात नंबरचा मासा चार मिनिटं उशिरा आला, पॅन तापलेला नव्हता' यावर उद्या काहीतरी करता येतं.

जुन्या मित्रांशी पहिल्याच आठवड्यात, एकेकट्याने, पाच मिनिटं बोला. कामाचे वार, सुट्ट्या आणि सेक्शनची अदलाबदल तुम्ही कुठल्या नियमाने ठरवणार ते आधीच सांगा. दुरावा बहुतेक वेळा सुट्टीच्या यादीवरून येतो, आवाजावरून नव्हे. सगळ्यांत नकोशी वाटणारी शिफ्ट पहिल्या यादीत स्वतःच्या नावावर टाका.

किचन म्हटलं की आरडाओरडा आलाच, असं मानणाऱ्यांसाठी एक जोड. कामाची सेक्शनवार वाटणी आणि 'शेफ द पार्टी'ची (सेक्शन-प्रमुखांची) उतरंड ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते ऑग्युस्त एस्कॉफिये (1846–1935) फ्रेंच सैन्यात स्वयंपाकी होते. ती शिस्त त्यांनी किचनमध्ये आणली खरी, पण किचनमधली शिवीगाळ त्यांना अजिबात खपत नसे.

प्रश्न : फूड कॉस्ट (विक्रीच्या तुलनेत मालाचा खर्च) 28 टक्क्यांवर हवी, या महिन्यात 31 च्या वर गेली. वेस्टेज तर वाढलेलं दिसत नाही. शोध कुठून सुरू करू?

कचऱ्याच्या डब्यापासून नको. सगळे तिथूनच सुरू करतात आणि दोन आठवडे सालं मोजत बसतात.

आधी आकडाच खरा आहे का ते पाहा. सुरुवातीचा साठा 40, खरेदी 120, अखेरचा साठा 35, म्हणजे वापर 125. विक्री 400 असेल तर 31.25 टक्के. आता अखेरच्या साठ्यात फोडलेली पाकिटं, चिलरमधले तयार सॉस आणि फ्रीझरच्या तळाचा माल धरला होता का? तिथे 5 ची चूक निघाली तर टक्केवारी थेट 30 वर येते. आणि ही चूक तिथेच संपत नाही. पुढच्या महिन्याचा सुरुवातीचा साठा तोच असतो, त्यामुळे तो महिना उगाचच चांगला दिसतो. महिन्याआड वर-खाली होणारी फूड कॉस्ट दिसली की साठामोजणीवर संशय घ्यावा.

मोजणी बरोबर निघाली तर विक्रीचं मिश्रण बघा. 20 टक्के कॉस्टचा पदार्थ कमी गेला आणि 38 टक्क्यांचा जास्त, तर एक ग्रॅमही वाया न जाता एकूण टक्केवारी चढते. हे तोट्याचंच असतं असंही नाही. महाग पदार्थामागे दर प्लेट सुटणारी रक्कम बऱ्याचदा जास्त असते. वरिष्ठांसमोर हा तक्ता घेऊन जाणारा ज्युनिअर क्वचितच दिसतो, म्हणून लक्षात राहतो.

मग पोर्शन. सर्व्हिसच्या ऐन गर्दीत, न सांगता, पाच प्लेट वजनकाट्यावर ठेवा. कार्डावर 150 ग्रॅम आणि प्लेटमध्ये 165 हा फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणूनच तुम्हाला 'वेस्टेज नाही' असं वाटतं. दिवसाला 80 प्लेट धरल्या तर 1.2 किलो, म्हणजे रोज आठ पोर्शन फुकट. उपाय साधा आहे : ठरलेल्या मापाचा डाव, आणि महाग वस्तूंची वजन करून आधीच भरलेली पाकिटं.

शेवटी माल उतरवून घेण्याची जागा. क्रेट आणि बर्फासकट वजन होतंय का? निवडल्यावर 10 किलोचे 8.8 किलो राहतात की 8.2, हे महिन्यातून एकदा तरी तपासा. 88 टक्के यील्ड (निवडल्यावर उरणारा भाग) धरून 6 किलो साफ मालासाठी 6.8 किलो मागवलात आणि प्रत्यक्षात यील्ड 82 निघालं, तर हातात साडेपाच किलोच येतात. उरलेलं ऐनवेळी, मिळेल त्या भावाने आणावं लागतं. स्टाफच्या जेवणाला लागलेला माल वेगळा लिहा, तो विक्रीच्या माथी मारू नका.

प्रश्न : रात्री केलेला 20 लिटर स्टॉक (हाडं, भाज्या उकळून काढलेला अर्क) चिलरमध्ये ठेवला तरी सकाळी आंबूस वास येतो. चिलर नीट चालू आहे.

चिलर थंड ठेवतो. खोल भांड्यातलं उकळतं द्रव वेळेत थंड करणं त्याच्या आवाक्यातलं नाही. कडा गार होतात, मध्यभाग रात्रभर कोमट राहतो. वरचेवर गरम भांडं आत गेलं तर शेजारचा मालही तापतो. पाळायचं माप असं : 60 अंशांवरून 21 अंशांपर्यंत 2 तासांत, तिथून 5 अंशांपर्यंत पुढच्या 4 तासांत. त्यासाठी स्टॉक ट्रेमध्ये 5 सेंटिमीटरहून कमी खोलीवर पसरा, किंवा भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा.

आणखी एक युक्ती : स्टॉक 16 लिटरपर्यंत आटवा आणि पिण्याच्या पाण्याचा 4 किलो बर्फ त्यात टाका. 95 अंशांवरचा स्टॉक बर्फ वितळताच सुमारे 60 वर येतो आणि माप पुन्हा 20 लिटर होतं. तिथून पुढे मात्र ट्रे किंवा बर्फाचं पाणी लागतंच. पूर्ण गार होईपर्यंत झाकण घट्ट लावू नका. आंबलेला स्टॉक उकळून वाचवायला जाऊ नका. काही जिवाणूंची विषं उकळूनही नष्ट होत नाहीत.

प्रश्न : उशिराच्या प्लेट खारट जातात अशी तक्रार आहे. मीठ मोजूनच घालतो.

कारणं दोन. बेन-मारीवर (गरम पाण्यात भांडं ठेवून पदार्थ गरम ठेवतात तिथे) सॉस आटतो : 8 लिटरमध्ये 96 ग्रॅम मीठ म्हणजे 1.2 टक्के, तोच सॉस 7 लिटर उरला की जवळजवळ 1.4. भांड्याच्या आतल्या बाजूला पातळीची खूण ठेवा, झाकण ठेवा, आणि विक्री वजा करून पातळी जेवढी खाली गेली असेल तेवढं गरम पाणी घाला. दुसरं कारण तुमची जीभ. दिवसभर खारट चाखून ती मिठाला सरावते आणि हात आपोआप सैल सुटतो. प्रत्येक चाखण्याआधी साध्या पाण्याची चूळ भरा, आणि शेवटच्या दोन तासांत चव दुसऱ्याकडून तपासून घ्या.

प्रश्न : शिफ्ट दुपारी तीन ते रात्री बारा. जेवण नुसत्या चाखण्यावर होतं, रात्री झोप लागत नाही. असं किती वर्षं चालेल?

फार नाही. सर्व्हिसच्या तासभर आधी बसून जेवा. भात किंवा पोळीबरोबर डाळ, अंडं असं काहीतरी हवं. तळलेलं नको, ते पोटात जास्त वेळ राहतं. स्टाफच्या जेवणाची वेळ ब्रिफिंगसारखीच यादीत लिहा, म्हणजे ती गिळली जात नाही. कॉफीचा हिशोबही मांडा : शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात. रात्री नऊच्या कपातलं निम्मं दोन वाजता रक्तात फिरत असतं. शेवटचा कप साडेपाचच्या जेवणानंतर, आणि तिथून पुढे पाणी.

प्रश्न : दोन ऑफर आहेत. मोठ्या हॉटेलात डेमी (सेक्शन-प्रमुखाचा सहायक), किंवा छोट्या रेस्टॉरंटमध्ये थेट सू शेफ. कुठे जाऊ?

साठामोजणी, इंडेंट (मालाची मागणी) आणि ड्युटीची यादी हे तिन्ही तुम्ही स्वतः केलेलं नसेल तर छोट्या जागेतलं 'सू शेफ' बहुधा दोन माणसांचं काम एकाला देण्यासाठी ठेवलेलं नाव असतं. केलेलं असेल तर छोटी जागा घ्या. कुठलीही निवडली तरी होकार देण्याआधी एक पूर्ण संध्याकाळ ट्रायल मागा. त्या संध्याकाळी चिलर उघडून डब्यांवर तारखेची लेबलं आहेत का ते बघा, आणि सेक्शनवरच्या लोकांना विचारा की त्यांच्या आधी त्या जागी कोण होतं आणि किती महिने टिकलं.